पात्राचे वय, सांगणाऱ्याचे वय

नववी-दहावीच्या मराठीच्या तासाला व्यक्तिचित्रणाचा प्रश्न आला की बहुतेक वह्यांत उत्तर एकच उतरते: अमुक हा प्रेमळ, जिद्दी, कष्टाळू आणि संवेदनशील मुलगा आहे. विशेषणे चार, प्रत्येक विशेषणाच्या सोबतीला पाठातला एक प्रसंग आणि शेवटी त्याच्याकडून काय शिकावे याचे एक वाक्य. पात्र आजोबांचे असो, सैनिकाचे असो की चौदा वर्षांच्या मुलाचे, साचा हलत नाही. असे उत्तर चुकीचे नसते, त्याला गुणही मिळतात. पण त्यात पात्र कुठे दिसत नाही. दिसतो तो चारित्र्याचा दाखला.

पात्र कुमारवयीन असले आणि वाचणाराही त्याच वयाचा असला, तर आणखी एक अडचण उभी राहते. काही मुले पात्राशी इतकी एकरूप होतात की पुस्तकात नसलेलेही त्याच्या तोंडी घालतात; ‘हा तर मीच’ एवढे म्हणून त्यांचे वाचन थांबते. काही मुले नेमकी उलट वागतात. पेपर तपासणारा मोठा माणूस आहे हे ओळखून ती मोठ्यांच्या आवाजात पात्राला उपदेश करतात: याने अभ्यासाकडे लक्ष द्यायला हवे होते, आईवडिलांचे ऐकायला हवे होते. दोन्ही वेळा मजकूर बाजूलाच राहतो. अमेरिकी अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ साली ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या पुस्तकात अशी भूमिका मांडली की साहित्यकृतीचा अनुभव वाचक आणि मजकूर या दोघांच्या देवघेवीतून तयार होतो. वाचकाला स्वतःचे काही घेऊन येण्याची मोकळीक आहे, पण मजकुराला पुसून टाकण्याची नाही. आजही वर्गात ही मांडणी उपयोगी पडते, कारण ती विद्यार्थ्याच्या मनालाही मान देते आणि त्याने पुन्हा पानाकडे वळावे असा आग्रहही धरते.

पानाकडे वळवण्याची सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे स्वभावाबद्दल न विचारता आधी वयाबद्दल विचारणे. घटना घडली तेव्हा पात्राचे वय काय होते? आणि ती सांगितली जात असताना सांगणाऱ्याचे वय काय आहे? मराठीतल्या गाजलेल्या कुमारवयीन पात्रांची रचना या दोन वयांमधल्या अंतरावर उभी आहे, आणि हे अंतर दहावीच्या मुलाला सहज मोजता येते.

‘श्यामची आई’पासून सुरुवात करावी, कारण ते बहुतेक घरांत असते आणि ते आपल्याला माहीत आहे असे सगळ्यांनाच वाटते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकात श्याम दोन आहेत: कोकणातल्या घरात वाढणारा मुलगा आणि त्या मुलाकडे भरल्या डोळ्यांनी पाहणारा प्रौढ. पोहायला शिकण्याचा प्रसंग घ्या. मुलगा पाण्याला घाबरतो आणि घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहतो, घरी येतो, आणि त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईलाच गलबलून येते. वर्गात या प्रसंगावर विचारले जाते ते आईच्या मोठेपणाबद्दल. पण श्यामचा अभ्यास करायचा तर प्रश्न वेगळा हवा. लपून बसलेल्या त्या मुलाला त्या घटकेला आईबद्दल काय वाटत होते? मजकुरात याचे उत्तर अगदी थोडे सापडते. सांगणाऱ्याने आई बरोबर होती हे आधीच ठरवले आहे आणि त्या निवाड्याच्या उजेडात तो जुनी भीती पाहतो. मुलाचा राग कुठे गेला, तो नव्हताच की मोठ्या श्यामने तो गाळला, या प्रश्नावर तासभर वाद होऊ शकतो आणि व्हायला हवा. यात पुस्तकाचा अनादर नाही. उलट सांगणारा माणूस किती पश्चात्तापाने बोलतो आहे हे याच प्रश्नाने ध्यानात येते.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या २००४ सालच्या कादंबरीत हे अंतर जवळजवळ मिटवलेले आहे. मुकुंद जोशी नववीत आहे आणि नववीतल्या मुलाच्या भाषेतच तो बोलतो. अर्धवट बांधलेली इमारत हा त्याचा आणि मित्रांचा अड्डा. कोणाची ‘लाइन’ कोणावर आहे हा तिथला मुख्य विषय. त्याला आवडणारी शिरोडकर कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने जाते याचा चोख हिशेब. मधेच थांबून ‘तेव्हा आम्ही किती वेडे होतो’ असे म्हणणारा पन्नाशीचा मुकुंद इथे नाही. त्यामुळे जबाबदारी वाचकावर येते. मुकुंदला जे दिसते पण कळत नाही ते वाचकाने ओळखायचे असते. कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. मोठी माणसे दबक्या आवाजात बोलतात, मुकुंदच्या कानावर त्यातले तुकडे पडतात आणि लगेच त्याचे मन दुसरीकडे धावते. आजच्या विद्यार्थ्याला आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात होती हे आधी सांगावे लागते, नाहीतर तो हे तुकडे गाळून वाचतो. एकदा संदर्भ दिला की शाळेतली शिस्त आणि देशातली शिस्त यांचा काही संबंध लेखकाने सुचवला आहे का, हे शोधण्याचे काम मुलांवर सोपवता येते. शिक्षकाने तो संबंध आपणच सांगून टाकला तर कादंबरीतली गंमत निम्म्याने कमी होते.

याच कादंबरीवर सुजय डहाके यांनी चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलांनी बहुधा आधी तोच पाहिलेला असतो. त्याची तुलना उपयोगी असते, पण ‘पुस्तक चांगले की सिनेमा’ या वळणावर ती जाऊ देऊ नये. मुकुंदच्या मनातली जी बडबड पुस्तकात पानोपानी आहे तिचे पडद्यावर काय झाले, एवढाच प्रश्न पुरे.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन या दोघांहून वेगळा. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार संग्रहांतून तो वाढत जातो. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात तो आजी-आजोबांजवळ राहतो, आणि त्याच्या मराठीत कानडीचा हेल मिसळलेला आहे. पात्राचा स्वभाव भाषेतून कसा वाचायचा हे शिकवण्यासाठी लंपनइतके चांगले उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही. त्याला आकडे फुगवून सांगायची खोड आहे. एखादी गोष्ट किती वेळा झाली, किती जण होते, हे सांगताना तो असा काही नेमका आणि अशक्य आकडा टाकतो की हसू येते. विद्यार्थ्यांना असे आकडे वहीत टिपायला सांगावेत आणि प्रत्येकाच्या आसपास काय चालले आहे ते पाहायला लावावे. काही आकडे नुसत्या उत्साहाचे निघतात, काहींच्या आड न बोललेले काहीतरी दडलेले असते. आईची आठवण तो क्वचितच सरळ सांगतो; ती येते एखाद्या वासातून, आवाजातून, संध्याकाळच्या उजेडातून. ‘लंपनला आईची खूप आठवण येत असे’ असे एका वाक्यात लिहून मोकळे होणाऱ्या मुलाला हे सारे पुन्हा शोधावे लागते.

इथे एक मोह आवरायचा असतो. संतांना स्वतःला लहानपणी आजोळी दत्तक दिले होते आणि कवयित्री इंदिरा संत या त्यांच्या आई. हे कळले की मुले लगेच लंपन म्हणजे संत असे समीकरण मांडतात आणि पुढचे वाचन चरित्राच्या पडताळणीत संपते. ही माहिती शेवटी द्यावी, आधी नको.

दोन वयांमधले अंतर लेखकाने स्वतःच उघड मांडून ठेवले आहे असे पुस्तक म्हणजे दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८). यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या शिकल्यासवरल्या माणसाला सांगतो. दोघे एकच. गावच्या महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला मुलगा आणि लेखक म्हणून नाव मिळालेला माणूस एकमेकांसमोर बसतात, आणि दोघांना एकमेकांपाशी अवघडल्यासारखे होते. हे आत्मकथन आहे, कादंबरी नाही, आणि त्यातला सगळाच भाग शाळेत वाचण्याजोगा नाही. निवडक उतारे घ्यावे लागतात. पण कुमारवयाचा अभ्यास जातीला वगळून केला तर काय निसटते हे या पुस्तकाइतके थेट क्वचितच दिसते. मुकुंदला शाळेची भीती वाटते ती छडीची आणि निकालाची. दगडूच्या भीतीत आडनाव येते, पाणी येते, बसायची जागा येते. दोन्ही मुलांना एकाच ‘कुमारवयीन मनोव्यापार’ या शीर्षकाखाली कोंबले तर दोघांवरही अन्याय होतो. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मधली कोकणातली शाळकरी मुलगी याच चर्चेत आणता येते. तिच्या बाबतीत जात आणि मुलगीपण ही दोन्ही ओझी एकाच वेळी आहेत.

मुली हा तसाही मराठी कुमारसाहित्यातला दुबळा भाग. गोट्या, फास्टर फेणे, लंपन, मुकुंद अशी मुलग्यांची नावे भराभर आठवतात. मुलींची आठवायला थांबावे लागते. ‘शाळा’त शिरोडकर महत्त्वाची आहे, पण तिच्या मनात शिरायची सोय कादंबरीने ठेवलेली नाही. ती दिसते ती मुकुंदच्या डोळ्यांनी. म्हणून वर्गात एक लेखनकाम हमखास रंगते: मुकुंद जो प्रसंग सांगतो तोच शिरोडकरच्या बाजूने लिहायचा, पण मजकुरात जे घडले आहे त्याला धक्का न लावता. अट महत्त्वाची आहे. अट नसली की मुलगे तिला आधीपासून प्रेमात पाडतात. अट पाळली की कळते, तिच्या प्रेमाचा म्हणून मुकुंदने धरलेला पुरावा किती तुटपुंजा आहे आणि रोज कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे हे एखाद्या मुलीला कसे वाटत असेल. पाठलाग आणि प्रेम यांतला फरक व्याख्यान न देता समोर येतो.

मुलीच्या आवाजातली मोठी मराठी कादंबरी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हा आपटे पंचविशी नुकतीच ओलांडलेले होते. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. खेळण्या-भांडण्याचे बालपण, लग्न म्हणजे काय हे नीट उमगण्याआधी झालेले लग्न, सासर, थोडे सुख आणि मग वैधव्य. हे वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला प्रश्न पडतो: यमूचे कुमारवय गेले कुठे? हाच प्रश्न शिक्षकाने उचलून धरावा. शाळा, मित्रमंडळ, स्वतःचा शोध, मोठे होण्याआधीची मोकळीक असे जे कुमारवय आज गृहीत धरले जाते, त्याला स्वतंत्र अवस्था म्हणून शास्त्रीय ओळख मिळवून देणारा स्टॅन्ली हॉल यांचा ग्रंथ १९०४ चा. यमूच्या काळात वादाचा विषय वेगळाच होता. संमतीवयाच्या १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि त्यावरून महाराष्ट्र पेटला. यमू ‘सहनशील’ आहे असे लिहिण्याआधी तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता का, हे विचारायला हवे. निवडीची संधीच नसलेल्या पात्राच्या अंगी गुण चिकटवणे हा विश्लेषणातला ढोबळ दोष आहे आणि मोठ्यांच्या लेखांतही तो सर्रास आढळतो.

मराठीबाहेरचे एक पुस्तक या अभ्यासात जरूर आणावे. ॲन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ ला, वही मिळाली आणि महिन्याच्या आत तिचे कुटुंब ॲमस्टरडॅममध्ये लपले. मार्च १९४४ मध्ये तिने रेडिओवर डच मंत्र्याचे आवाहन ऐकले: युद्धकाळातल्या रोजनिशा जपून ठेवा. त्यानंतर तिने स्वतःचीच रोजनिशी नव्याने लिहायला घेतली, काही गाळले, काही बदलले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांना पकडून नेले तेव्हा हे काम अपुरे होते. म्हणजे इथे पंधरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या स्वतःला तपासते आहे. श्यामच्या बाबतीत जे अंतर काही दशकांचे, ते इथे दोन वर्षांचे आहे. दहावीतल्या मुलांना आपल्या आठवीतल्या वहीकडे पाहून जी लाज वाटते, तिचे साहित्यातले रूप त्यांना इथे सापडते, आणि स्वतःचे एक अक्षरही वर्गात वाचून दाखवावे लागत नाही.

सगळीच पात्रे अशी खणून काढायची नसतात. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो, संकटात सापडतो, ‘ट्टॉक’ करतो आणि सुटतो. पुढच्या पुस्तकात तो तसाच असतो. इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार सांगितले. त्यांत फेणे बहुतांशी पहिल्या प्रकारातला, आणि त्यात त्याचे काही बिघडत नाही. साहसकथेला न बदलणारा नायक लागतो. त्याच्या अंतर्मनातला संघर्ष लिहा, असा प्रश्न देणे म्हणजे मुलांना खोटे लिहायला शिकवणे.

मानसशास्त्राचा वापर बेताने करावा. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडलेली एक कल्पना मात्र वर्गात पटकन समजते: या वयात सतत कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे असे वाटते, जणू एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बरोबर फिरतो. मुकुंदच्या बऱ्याच वागण्याची उकल या कल्पनेने होते. पण हे हत्यार हाती आले की मुले पात्रांना आजार चिकटवू लागतात: याला न्यूनगंड, तिला नैराश्य. पात्र रुग्ण नसते. लेखकाने जेवढे लिहिले त्यापलीकडे त्याला आयुष्य नाही, म्हणून त्याचे निदानही होत नाही.

वर्ग चालवताना एक नियम कसोशीने पाळावा लागतो. ‘तुमच्या बाबतीत असे कधी झाले आहे का?’ हा प्रश्न उघड वर्गात विचारू नये. हेतू चांगला असतो, पण त्यातून दोनच गोष्टी निघतात: खोटी उत्तरे, किंवा मधल्या सुट्टीत चिडवायला मिळालेला दारूगोळा. पात्र ही आडोशाची जागा आहे. शिरोडकरबद्दल बोलता बोलता मुले स्वतःबद्दल बरेच बोलतात, आणि ते तसेच राहू द्यावे. वहीच्या पानाचे दोन रकाने करून डावीकडे मजकुरातले वाक्य आणि उजवीकडे मनात आलेले लिहायला सांगितले तर उजवा रकाना शिक्षकानेही परवानगीशिवाय वाचू नये. मात्र एखाद्या मुलाने वा मुलीने आपणहून दाखवलेल्या लेखनात लैंगिक अत्याचाराचे सूचन असेल, तर ते साहित्याच्या चर्चेत ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा माहितीची नोंद पोलिसांकडे करणे बंधनकारक केले आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन वर्गात लिहून ठेवलेली असावी. गुप्ततेचे वचन शिक्षकाने सरसकट देऊ नये.

उरतो प्रश्न उत्तराचा. कृतिपत्रिकेत स्वमत आणि अभिव्यक्तीला जागा आहे. ती जागा गाईडमधल्या परिच्छेदाने भरायची की स्वतःच्या वाचनाने, एवढाच फरक. पोहण्याच्या त्याच प्रसंगावर एक उत्तर असे येते: श्याम भित्रा होता, पण आईच्या संस्कारांमुळे तो धीट व आज्ञाधारक झाला. दुसरे उत्तर असे येऊ शकते: श्याम लहानपणी सगळ्यांपासून लपला, आणि मोठेपणी तेच लपणे सगळ्यांसमोर सांगतो, आपण भित्रे होतो हे सांगायला त्याला आता भीती वाटत नाही, मात्र मार खाताना आईचा राग आला होता का हे तो सांगत नाही, म्हणून त्या मुलाबद्दलची आपली माहिती अपुरी राहते.

दुसऱ्या उत्तरात एकही गुणवाचक यादी नाही, शब्दही फारसे अवघड नाहीत. त्यात मजकुराचा आधार आहे, दोन वयांचा विचार आहे आणि जिथे मजकूर गप्प आहे तिथे विद्यार्थी थांबला आहे. गुण देताना या तीन गोष्टी पाहाव्यात. पात्र चांगले ठरवले की वाईट, हे पाहू नये. आणि दोन विद्यार्थ्यांनी एकाच प्रसंगावर परस्परविरुद्ध मते लिहून दोघांनीही पुरावे दिले असतील, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळायला काही हरकत नाही.